दहा वाक्यांचं खानदान

फेब्रुवारीत आमच्या शाळेतल्या इंग्रजीला भाजलेल्या हरभऱ्याचा वास येतो. हे मी लाडानं म्हणत नाही, खरंच येतो. दहावीची तोंडी परीक्षा आणि हरभऱ्याचा हुळा एकाच पंधरवड्यात आमच्या भागात उतरतात. मुलं शाळेला येता येता रानात काटक्या पेटवतात, हिरवे घाटे भाजतात, राखेतून वेचून खातात आणि तशाच काळ्या ओठांनी वर्गाच्या दारात उभी राहून म्हणतात, “मे आय कम इन सर?” मी मान वर करून बघतो, तर ओठ काळे, बोटं काळी, गालावर राखेची एक रेघ, आणि चेहरे असे गंभीर की जणू देवळात आलेत. चपलाही बाहेर काढलेल्या. तोंडी परीक्षेला चपला बाहेर काढायच्या हा नियम कुणी केला, मला ठाऊक नाही. मी तरी केलेला नाही. पण दाराशी चपलांची रांग लागली की आपण आत प्रसाद वाटायला बसलोय असं वाटायचं.

आणि खरं सांगू? कितीतरी वर्षं मी प्रसादच वाटला. अठरा, अठरा, अठरा.

ज्यांना दहावी विसरायला झाली असेल त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजीचे शंभर गुण. त्यातले ऐंशी लेखी, ते बोर्डाचे. उरलेले वीस तोंडी, ते शाळेनं द्यायचे. मुलाला ऐकून समजतं का, समजलेलं बोलता येतं का, हे शिक्षकानं बघायचं. कागदावर किती सुंदर कल्पना! प्रत्यक्षात आम्ही तो तक्ता स्टाफरूममध्ये चहा पिता पिता भरायचो. सगळ्यांना अठरा. फार हुशार असेल त्याला एकोणीस. ज्यानं वर्षभर फार छळलं त्याला सतरा, पण तेवढाही राग फेब्रुवारीपर्यंत टिकायचा नाही, म्हणून त्यालाही अठरा.

आमची शाळा जळकोटच्या पुढं, हायवेला लागून असलेल्या एका फाट्यावर आहे. पुढच्या बाजूला सोलापूर-हैदराबाद रस्ता, मागच्या बाजूला रान. म्हणजे श्रवणकौशल्याच्या परीक्षेला मी मोठ्यानं उतारा वाचतोय, पुढून चौदा चाकी ट्रक गरजत जातोय, मागून मळणीयंत्र धडधडतंय, आणि मधल्या पट्टीत मुलांनी ऐकून सांगायचं की उताऱ्यातल्या म्हाताऱ्यानं बाजारातून काय आणलं. एकदा चाळीसपैकी सव्वीस मुलांनी लिहिलं, “ट्रक.” मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. ऐकू आलं ते त्यांनी इमानदारीनं लिहिलं होतं.

आज पुन्हा फेब्रुवारी आहे. खिडकीतून भुसा उडत येतोय, तक्त्यावर बसतोय, मी फुंकर मारतोय. बाहेर मुलं ओळीत उभी राहून ओठ हलवतायत. आणि मला चार-पाच वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारी आठवतोय, ज्या फेब्रुवारीत मी एका दुचाकीच्या चाकापाशी, पकडला जाण्याच्या भीतीनं, चोरासारखा उकिडवा बसलो होतो.

पण तिथपर्यंत जायचं तर आधी माझं मूळ पाप सांगायला हवं.

नोकरीचं माझं पहिलं वर्ष. अंगात नाटक फार. गावच्या गणपतीत मी राजा, प्रधान आणि गरज पडल्यास राणी असं सगळं करून आलेलो. मला वाटायचं, इंग्रजी म्हणजे काय, थोडे हातवारे केले की आलीच. पहिल्या तोंडी परीक्षेला दत्ता नावाचा मुलगा आला. इतका थरथरत होता की त्याचं नाव विचारल्यावर त्यानं माझंच नाव सांगितलं. मला दया आली. मी फळ्याकडं वळलो आणि त्याच्यासाठी दहा वाक्यं लिहून दिली.

“माय नेम इज दत्ता. माय फादर इज अ फार्मर. ही गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग. माय मदर इज अ हाउसवाइफ. वी हॅव टू बुलक्स. देअर नेम्स आर राजा अँड सर्जा. माय हॉबी इज रीडिंग. आय वॉन्ट टू बी अ डॉक्टर. आय लव्ह माय व्हिलेज. थँक यू सर.”

दत्ताचा बाप शेतकरी होता. त्यांचे बैलही होते, आणि त्यांची नावंही तीच होती. दत्तानं ती दहा वाक्यं न अडखळता म्हटली, आम्ही दोघंही खूश झालो. फळा पुसायचा राहिला, एवढंच झालं.

मागच्या एकोणचाळीस मुलांनी ती उतरवून घेतली. फक्त पहिल्या वाक्यात आपापलं नाव घातलं, बाकी सगळं तसंच. पुढच्या वर्षी ती वह्यांमधून धाकट्या भावंडांकडं गेली, मग चुलत भावंडांकडं, मग शेजारच्या गावातल्या मामेबहिणीकडं. पुढं जळकोटच्या झेरॉक्सवाल्याकडं त्याची एक प्रत कायमची राहिली. मुलं नुसतं म्हणायची, “इंग्लिश तोंडी द्या,” की तो काढून द्यायचा.

झालं. त्यानंतर आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाचा बाप शेतकरी. सलूनवाल्याच्या मुलाचा बाप शेतकरी, रिक्षावाल्याच्या मुलीचा बाप शेतकरी. आमचे चित्रकलेचे सर शेजारच्या वर्गात हत्ती काढत बसलेले, आणि त्यांची लेक माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगतेय की माझे वडील शेतकरी आहेत, ते पहाटे लवकर उठतात. लवकर उठतात? त्यांना पहिल्या तासाला वेळेवर आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं! गावातले बैल गेले, ट्रॅक्टर आले, दत्ताचं लग्न झालं, त्याची मुलगी दहावीत आली. पण राजा-सर्जा इंग्रजीत जिवंतच होते, रवंथ करत. आमच्या शाळेनं त्या काळात कितीतरी डॉक्टर घडवायचे ठरवले होते. एकही झाला नाही. एक जण औषधाच्या दुकानात लागला, तो भेटला की मी त्याला आवर्जून “डॉक्टर” म्हणतो.

मला याची गंमत वाटायची. अगदी खरी गंमत. दरवर्षी घरी येऊन मी बायकोला त्याची नक्कल करून दाखवायचो.

मग चार-पाच वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, आमच्याकडं नव्या मुख्याध्यापिका आल्या. गायकवाड मॅडम, कळंबच्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील, पण आवाज असा की मळणीयंत्र थांबावं. आल्या आल्या त्यांनी जुने तक्ते काढले आणि मला बोलावलं.

“सर, या शाळेतल्या सगळ्या मुलांना अठराच कसे?”

“मॅडम, सगळी सारखीच हुशार आहेत.”

“की तुम्ही सारखेच आळशी आहात?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “या वर्षी तोंडीला मी शेजारी बसणार. दोघांनी मिळून गुण द्यायचे. बोलला तर गुण, नाही बोलला तर नाही.”

पहिल्या दिवशी, शुक्रवारी, बारा मुलं झाली. मॅडम शांतपणे ऐकत होत्या आणि वहीच्या कोपऱ्यात काहीतरी रेघा मारत होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी वही माझ्याकडं फिरवली.

“बारा मुलं, चोवीस बैल. सर, मी रोज या गावातून येते. मला एकही बैल दिसला नाही.”

“चरायला गेले असतील, मॅडम.”

या वेळी त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मला वाटलं, चला, निभावलं.

सुट्टीनंतर तेरावा नंबर अंकिताचा. अंकिता म्हणजे फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानातली मुलगी. उंच, काटक, दोन वेण्या, नखांत कायमचं काळं. ते हुळ्याचं नव्हे, टायरचं. वडील ती तिसरीत असताना आजारानं गेले, तेव्हापासून दुकान आई चालवते. गणितात बरी, विज्ञानात चांगली, इंग्रजीत मात्र सहामाहीला ऐंशीपैकी नऊ. तिचं ठरलेलं होतं : दहावी झाली की तुळजापूरच्या आयटीआयला डिझेल मेकॅनिक. अख्ख्या वर्गात काय व्हायचंय हे मराठीत विचारल्यावर ज्यानं खरं उत्तर दिलं असं ते एकच पोर होतं. पण त्यासाठी दहावी पास व्हायला हवी होती, आणि पास व्हायला इंग्रजीत दोन्ही मिळून पस्तीस. लेखीत ती कशीबशी वीसच्या आसपास जाईल असा माझा हिशोब होता. म्हणजे तोंडीतले गुण हेच तिचं सगळं काही होतं. इतर वर्षी तिचे अठरा मी डोळे मिटून लिहिले असते.

ती आली. चपला बाहेर. उभी राहिली.

“माय नेम इज अंकिता.”

आणि थांबली.

मी हळूच म्हटलं, “माय फादर…”

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं विसरली. मी पुन्हा म्हटलं, हाताची खूण करून, भुवया उंचावून, अगदी प्रॉम्प्टरसारखं, “माय फादर इज अ…”

काही नाही. बाहेरून एक ट्रक गेला, मग दुसरा. मॅडमनी विचारलं, “ओके. टेल मी अबाउट युवर मदर.” तिनं ओठ उघडले, मिटले. डोळे भरले नव्हते, हे मला चांगलं आठवतं. चेहरा घट्ट होता, मूठ आवळल्यासारखा.

ती गेल्यावर मी म्हटलं, “मॅडम, पोरगी चांगली आहे हो.”

“चांगली आहे हे दिसतंय. बोलली काय?”

“घाबरली.”

“उद्या शनिवारी पुन्हा बोलवा. तेव्हाही गप्प राहिली तर मी शून्य लिहीन, सर. आणि मला ते लिहायला आवडणार नाही.” त्यांनी तिच्या नावापुढं काहीच लिहिलं नाही. त्या रिकाम्या चौकटीकडं मी बघत राहिलो. इतक्या वर्षांत माझ्या तक्त्यात रिकामी चौकट कधी नव्हती.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी फाट्यावर गेलो. ऊन कलतीला आलं होतं, रस्त्यापलीकडं ज्वारीच्या पेंढ्या बांधायचं काम चाललं होतं. अंकिताची आई, शोभाताई, साडीचा काचा मारून ट्रकच्या चाकावर वाकली होती. हातात हातभर लांब लोखंडी पट्टी, आणि तिच्या जोरावर टायर रिंगपासून सुटा होत होता. मला बघून म्हणाली, “या सर. बसा त्या टायरवर. सोफ्यावानीच हाय.”

मी सोफ्यावर बसलो. म्हटलं, “ताई, अंकिता परीक्षेत बोलली नाही.”

“घरी लई बोलती. डोकं उठतंय माझं.”

“मग तिथं का गप्प?”

अंकिता पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होती. तिनं मान वर केली नाही. शोभाताईनं पट्टी खाली ठेवली, कपाळ पुसलं आणि मलाच विचारलं, “सर, तुमच्या त्या कागदात म्या काय करती?”

“म्हणजे?”

“ते पोरं पाठ करत्यात त्या कागदात. आई काय करती म्हून लिवलंय?”

“हाउसवाइफ,” मी म्हटलं. “म्हणजे घर सांभाळणारी.”

तिनं आजूबाजूला बघितलं. चाकं, जॅक, हवेची टाकी, तेलानं काळी झालेली जमीन. “अन् मग हे कोन सांभाळतंय?”

मी टायरवर जरा सरकून बसलो.

“पोरगी मला इचारती, आये, बापाला उठवून रानात धाडू का तुला घरात बसवू? म्या म्हनलं, तुझं तू बघ बाई. म्या तर हितंच हाय.”

तेव्हा अंकिता बोलली. टबात बघतच. “सर, मला ते सोडून दुसरं काय येत न्हाय. अन् ते माझं न्हाय.”

मी कितीतरी वर्षं ज्याची नक्कल करून लोकांना हसवत होतो ते हे होतं. मी चाळीस-चाळीस मुलांना एकच बाप वाटत आलो होतो आणि त्यात आता हिचा गेलेला बापही पहाटे उठवत होतो. किती मुलांनी गिळलं असेल ते मुकाट्यानं! हिनं गिळलं नाही, एवढंच. आणि ज्या शाळेत न गिळणाऱ्याला शून्य मिळतं, त्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो.

असा मी टायरवर बसून स्वतःवर रागावलेला असताना एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर तेलंगणातला. त्याला मराठी येईना, अंकिताला तेलुगू येईना, आणि हिंदी दोघांचंही निम्मंच. अंकितानं चाकाभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाली, “अण्णा, बॅक टायर. बिग होल. ट्यूब फिनिश. न्यू पुट?”

“हाऊ मच टाइम?”

“हाफ अवर. यू टी ड्रिंक. गो.”

तो खरंच चहा प्यायला गेला. मी उठून उभा राहिलो.

“अगं अंकिता! हे इंग्रजी आहे!”

ती माझ्याकडं दयेनं बघत म्हणाली, “न्हाय सर. हे पंक्चरचं हाय.”

मोटरसायकलवरून घरी येताना माझ्यातला गणपतीच्या नाटकातला प्रधान जागा झाला. प्रधान नेहमी कट करतो. मीही केला.

शनिवारी सकाळची शाळा. मॅडमची दुचाकी नेहमीप्रमाणं चिंचेखाली. प्रार्थना सुरू झाली, सगळी शाळा डोळे मिटून उभी राहिली, आणि मी कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन चिंचेखाली. मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली, आतली पिन कर्कटकाच्या टोकानं दाबली. सूं… इतका मोठा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. प्रार्थना संपता संपता चाक जमिनीला टेकलं. माझं वय सत्तेचाळीस होतं, सेवापुस्तिका स्वच्छ होती.

मग मी कार्यालयात घुसलो, एकदम नाटकी. “मॅडम! तुमची गाडी बसली!”

मॅडम बाहेर आल्या. चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “सकाळी तर चांगली होती.”

“हायवे आहे मॅडम. खिळे फार. आपल्याकडं अंकिता आहे ना, तिला दाखवू. आणि तिची तोंडीही इथंच घेऊ, वेळ वाचेल.”

मॅडमनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. पण तक्ता मागवला. अंकिता आली. पटांगणात ओळीनं उभी असलेली पोरं माना लांब करून बघू लागली.

“व्हॉट इज द प्रॉब्लेम, अंकिता?” मॅडमनी विचारलं.

अंकिता उकिडवी बसली. चाक फिरवलं. बोटांनी टायरवरून पूर्ण गोल हात फिरवला, थांबत, दाबत, डॉक्टर पोट तपासतात तसा.   एक मिनिट गेलं. मॅडमच्या हातातला पेन तक्त्यावर टेकला.

“नेल नो,” अंकिता म्हणाली.

“सॉरी?”

“मॅडम, देअर इज नो नेल.” तिनं व्हॉल्व्हला थुंकी लावली, कान जवळ नेला. “नो पंक्चर. टायर गुड. ट्यूब गुड.”

“देन व्हाय इज इट फ्लॅट?”

अंकितानं व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. “धिस. समबडी प्रेस. एअर गो.”

“समबडी?” मॅडमचा आवाज बदलला. “आर यू शुअर?”

“येस मॅडम. कॅप इज नॉट हिअर.” ती चाकाभोवती खाली बघू लागली. मीही खाली बघू लागलो, फार मन लावून. तिनं मातीत बघितलं, चिंचेच्या पाल्यात बघितलं. मग तिची नजर वर आली, माझ्या पायापासून हळूहळू वर, आणि माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर थांबली. पातळ कापडातून लाल पेनच्या शेजारी एक छोटी काळी टोपी स्वच्छ दिसत होती. घाईत मी ती स्वतःच खिशात टाकली होती.

मला वाटतं तिला सगळं एका क्षणात कळलं असावं. तिचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक.

“सर,” ती अगदी सावकाश म्हणाली, “कॅप इज इन युवर पॉकेट.”

पटांगणात कुणीतरी फिस्सकन हसलं. शब्दयोगी अव्ययांसाठी मी आयुष्यभर “पुस्तक टेबलावर आहे” घोकून घेतलं, त्यातून एवढं धारदार वाक्य कधी निघालं नव्हतं. मी टोपी काढून दिली. दुसरं काय करणार? गुन्हेगार मीच, परीक्षक मीच.

मॅडमनी तिला विचारलं, “व्हाय डिड सर डू धिस?”

आता ती अडकेल असं मला वाटलं. मला वाचवायचं की खरं सांगायचं, आणि तेही इंग्रजीत. ती थोडा वेळ गप्प राहिली, पण हा गप्पपणा आदल्या दिवशीचा नव्हता. ती शब्द शोधत होती. टबात बुडबुडे शोधते तशी.

“सर थिंक,” ती म्हणाली, “अंकिता नॉट स्पीक इन क्लास. हिअर, स्पीक. सो सर डू.” मग एकदम धीर करून, “सर नॉट बॅड, मॅडम. सर ओन्ली… बॅड मेकॅनिक.”

मॅडम हसल्या. पहिल्यांदा हसल्या, आणि असं हसल्या की चिंचेवरच्या साळुंक्या उडाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “अँड युवर मदर? टेल मी नाऊ.”

अंकितानं फाट्याच्या दिशेनं हात केला. “माय मदर इज देअर. माय फादर डाय. आफ्टर दॅट माय मदर रन शॉप. ट्रक, ट्रॅक्टर, ऑल. पीपल से, लेडी नॉट डू. शी डू. आय वर्क विथ हर. आय लाइक डिझेल इंजिन.” एवढं बोलून ती दमली, चढ चढून आल्यासारखी. “मॅडम, आय गो, ब्रिंग पंप?”

“वेट,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी तक्ता माझ्यापुढं धरला. मी मान हलवली. मला आता गुण द्यायचा काय अधिकार? मग त्यांनी तो अंकितापुढं धरला आणि मराठीत विचारलं, “तूच सांग. वीसपैकी किती?”

अंकिता हादरली. तिला आजवर गुण मिळाले होते किंवा मिळाले नव्हते. कुणी विचारलं नव्हतं. पटांगणातली पोरं बोटांनी खुणा करू लागली, “वीस, वीस!” तिनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. रिकाम्या चौकटीकडं बघितलं.

“सिक्स्टीन.”

“ओन्ली सिक्स्टीन? व्हाय?”

“फोर नॉट कम येट, मॅडम.”

मॅडमनी सोळा लिहिले. माझ्या नोकरीतला तो पहिला आकडा जो खैरातीतून आला नव्हता. प्रसादाचे अठरा आणि हे सोळा, यांत कुठले मोठे, हे मला अजूनही कुणी विचारू नये. मी नाटकी आवाजात भाषण सुरू करीन.

माझं भाषण मॅडमनी त्याच दिवशी कार्यालयात ऐकून घेतलं, आणि त्यांचं मी. त्यांचं जास्त लांबलं. त्यात माझ्या वयाचा, पदाचा आणि कर्कटकाचा उल्लेख होता. शेवटी ठरलं की दहा वाक्यं बंद. सोमवारी मी वर्गात झेरॉक्सची प्रत फाडली, अर्थात शक्य तितक्या थाटात. उरलेल्या सत्तावीस मुलांची तोंडी परीक्षा तीन दिवसांऐवजी आठ दिवस चालली. काय ऐकलं मी त्या आठ दिवसांत! कुणाचा बाप पुण्यात वॉचमन, कुणाची आई द्राक्षबागेत छाटणीला जाते, एकाच्या घरी चोवीस शेळ्या आणि एक आजोबा “व्हेरी डेंजरस”. अडखळत, थांबत, हातवारे करत, मध्येच मराठीत घुसत आणि पुन्हा बाहेर येत. कुणाला अकरा मिळाले, कुणाला चौदा, एकीला एकोणीस. कुणी रडलं नाही. ज्याला अकरा मिळाले तो विचारून गेला, “सर, अजून एकदा येऊ का?” अठरा मिळवलेल्या पोरांनी असं मला कधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून फेब्रुवारी माझा लाडका महिना झाला. भीतीही त्याच महिन्यात वाटते. मुलं दारात उभी राहतात, पहिलं वाक्य संपतं आणि मग ती शांतता येते. पूर्वी मी ती लगेच भरून काढायचो, प्रॉम्प्टरसारखा. आता हात मांडीखाली घालून बसतो. नाटकी माणसाला गप्प बसण्याइतकं अवघड काही नसतं. पण त्या शांततेत पोर स्वतःच्या घरात जाऊन काहीतरी शोधत असतं, आणि बहुतेक वेळा काहीतरी घेऊनच येतं.

त्या वर्षीचा निकाल लागला तेव्हा अंकिताला लेखीत बावीस होते. बावीस आणि सोळा, अडतीस. मी तीनदा बेरीज केली. नंतर ती दाखला न्यायला आली, आयटीआयच्या प्रवेशासाठी. नखांत काळं तसंच. मॅडमनी सही करता करता ट्रेड विचारला, तिनं सांगितलं. मी दाराशी उभा होतो. राहवलं नाही म्हणून विचारलं, “अंकिता, अँड दोज फोर मार्क्स?”

ती वळली. या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत.

“कमिंग, सर.”

आणि दाखल्याची घडी करत ती पळाली, कारण फाट्यावर तुळजापूरची एस.टी. येऊन उभी राहिली होती.